हॅशकॅट वापरून बघितलं: काय उघडतं, काय उघडत नाही

आधी निकाल सांगते. हॅशकॅट हे विसरलेले पासवर्ड शोधणारं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्याच्या कामात त्याला तोड नाही. त्याच्यासाठी म्हणून ग्राफिक्स कार्ड विकत घ्यायचा विचार असेल, तर दहातल्या आठ जणांना मी थांबा म्हणेन. कार्ड वाईट नसतं, पण तुमच्या फाइलला कोणतं कुलूप आहे हे बहुतेकांना माहीतच नसतं. काही कुलपांना कार्ड लागत नाही, काहींना कितीही कार्डं पुरत नाहीत. मधे जो पट्टा उरतो, तेवढ्यात या खरेदीचे पैसे वसूल होतात.

इचलकरंजीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे सूत व्यापारी, सायझिंगवाले, यंत्रमागाचे मालक, दोन-तीन कर सल्लागार आणि अधूनमधून एखादी पतसंस्था. यांच्याकडे हमखास अडतं ते एकच: पासवर्ड घातलेली एक्सेल फाइल. ती बनवणारा दिवाणजी निवृत्त तरी झालेला असतो, नाहीतर वारलेला. पूर्वी मी अशी कामं परत पाठवायचे. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आरटीएक्स ३०६० हे वापरलेलं ग्राफिक्स कार्ड घेतलं आणि हॅशकॅट लावलं.

कार्डाबद्दल थोडक्यात. २०२१ सालचं मॉडेल, ३,५८४ कोअर, १२ जीबी मेमरी, पूर्ण जोरात साधारण १७० वॉट खातं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग बंद झालं आणि अशी कार्डं बाजारात ढिगाने आली. त्यातलंच माझं एक. मायनिंगमधून आलेलं कार्ड घेताना पंखा हाताने फिरवून बघा, बेअरिंग घरघरत असेल तर सोडून द्या. आमच्या गावात हवेत कापसाचे तंतू इतके असतात की महिन्याभरात कार्डाच्या पंख्यामागे पांढरी गादी तयार होते. ब्लोअर मारल्याशिवाय रात्रभराचं काम लावायचं नाही, हा माझ्या दुकानाचा नियम. तापमान ९० अंशांवर गेलं की हॅशकॅट स्वतःहून थांबतं, ही त्यातली एक शहाणी सोय.

पासवर्ड शोधायला ग्राफिक्स कार्डच का, हे गिऱ्हाईक नेहमी विचारतं. मी त्यांना त्यांच्याच शेडकडे बोट दाखवते. जॉबरने एकदा डिझाइन लावून दिलं की शेडमधले सगळे माग तेच विणतात, फक्त प्रत्येकावर सूत वेगळं. ग्राफिक्स कार्डाचे कोअर असेच चालतात: गणित एकच, प्रत्येकाच्या हातात पासवर्ड वेगळा. एका पासवर्डच्या तपासणीचा दुसऱ्याशी काही संबंध नसतो, त्यामुळे कोणी कोणासाठी थांबत नाही. साध्या प्रोसेसरचे आठ-दहा कोअर हुशार असतात, पण संख्येने कमी पडतात. ही युक्ती काही नवी नाही. मॉस्कोच्या एल्कॉमसॉफ्टने २००७ मध्येच जीफोर्स ८८०० वर पासवर्ड शोधायचं तंत्र जाहीर केलं होतं. त्यांची सॉफ्टवेअरं आजही विकत मिळतात, बटणं दाबून चालतात. हॅशकॅटला बटणं नाहीत. काळी खिडकी आणि टाइप केलेली आज्ञा, संपलं.

हॅशकॅटचा मूळ लेखक येन्स श्टॉयबे. ‘अॅटम’ या टोपणनावाने ओळखला जातो. डिसेंबर २०१५ मध्ये त्याने सगळा कोड खुला केला. त्याआधी एनव्हिडिया आणि एएमडी यांच्या कार्डांसाठी वेगवेगळे प्रोग्रॅम होते, २०१६ च्या तिसऱ्या आवृत्तीत ते एकत्र आले. आज ते सीपीयूवरही चालतं, अॅपलच्या मॅकवरही चालतं.

आता वेग. जाहिरातीसारखे आकडे सगळीकडे फिरतात, ते खरेच असतात, पण अर्धवट असतात. आरटीएक्स ४०९० या थोरल्या कार्डावरचे प्रसिद्ध आकडे घ्या. पासवर्ड एमडी५ या जुन्या, हलक्या पद्धतीने साठवलेला असेल तर सेकंदाला साधारण १६,४०० कोटी प्रयत्न. विंडोजचे लॉगिन पासवर्ड ज्या एनटीएलएम पद्धतीने साठवले जातात, तिथे सुमारे २८,८५० कोटी. म्हणजे कीबोर्डवरच्या ९५ चिन्हांतून बनणारे आठ अक्षरी सगळेच्या सगळे पासवर्ड साडेसहा तासांच्या आत तपासून होतात. हे वाचून लोक कार्ड घ्यायला धावतात. पण त्याच कार्डावर, त्याच सॉफ्टवेअरने बीक्रिप्ट पद्धतीचा पासवर्ड शोधायला बसलात, तर वेग येतो सेकंदाला १ लाख ८४ हजार. तोही बीक्रिप्ट अगदी हलक्या सेटिंगवर असताना. बीक्रिप्ट १९९९ सालचं आहे आणि ते मुद्दाम संथ बनवलेलं आहे. त्याला प्रत्येक प्रयत्नासाठी थोडी थोडी मेमरी सतत हाताशी लागते, आणि हजारो कोअरना ती पुरवता पुरवता कार्डाच्या नाकी नऊ येतात. माझं ३०६० या थोरल्याच्या साधारण सहाव्या हिश्श्याने पळतं, तेव्हा तुमचं तुम्ही गणित करा.

म्हणून पेन ड्राइव्ह हातात आला की मी आधी फाइलचा जन्म बघते.

एक्सेलमध्ये फाइल उघडते, पण खान्यात काही लिहू देत नाही, अशी तक्रार असेल तर ते शीट प्रोटेक्शन. ते एन्क्रिप्शन नव्हेच. फाइल झिपसारखी सोडवायची, आतली संरक्षणाची ओळ काढायची, परत बांधायची. चहा यायच्या आत काम होतं, कार्डाला हातही लावावा लागत नाही. यासाठी बाहेर दोन-दोन हजार मागणारे आहेत म्हणून मुद्दाम लिहिते.

२००३ पर्यंतच्या, म्हणजे शेवटी नुसतं एक्सएलएस असलेल्या फाइली हा सगळ्यात मजेचा प्रकार. यांतल्या बऱ्याच फाइलींचं आरसी४ कुलूप फक्त ४० बिटांच्या किल्लीचं आहे (ही किल्ली पासवर्डवरून बनते). नव्वदच्या दशकात अमेरिकेबाहेर जाणाऱ्या सॉफ्टवेअरवर तिथल्या सरकारची निर्यातबंधनं होती, त्यातून हा ४० चा आकडा आला, आणि आमच्या सूत बाजारातल्या उधारीच्या वह्या तो अजून अंगावर बाळगून आहेत. ४० बिट म्हणजे एकूण किल्ल्या १ लाख १० हजार कोटी. आकडा मोठा दिसतो, पण कार्डासमोर काहीच नाही. इथे हॅशकॅट पासवर्डच्या मागे लागतच नाही, ‘कोलायडर’ नावाच्या मोडमध्ये ते थेट किल्लीच शोधतं. पासवर्ड तीन अक्षरी असो की तीस, फरक शून्य. दुकानात दोन-चार गिऱ्हाइकं होईपर्यंत किल्ली हातात. १.३ आवृत्तीपर्यंतच्या जुन्या पीडीएफलाही हीच युक्ती लागू पडते. कार्डाच्या जोरावर सायफरवर, म्हणजे कुलपाच्या गणितावरच, सरळ हल्ला करून जिंकलं, असं समाधान माझ्या धंद्यात फक्त या दोन ठिकाणी मिळतं.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे ५६ बिटांच्या किल्लीची डीईएस ही जुनी सायफर. ती आमच्याकडे कोणी आणत नाही, पण इतिहास म्हणून माहीत असावी. जुलै १९९८ मध्ये अमेरिकेच्या ईएफएफ या संस्थेने १,८०० हून अधिक खास चिपा जोडून एक यंत्र बनवलं. अडीच लाख डॉलरच्या आत. त्याने सेकंदाला ९,००० कोटी किल्ल्या तपासत ५६ तासांत डीईएसची किल्ली काढून दाखवली. आज त्याच तोलाचा वेग घरात बसवता येणाऱ्या एका महागड्या कार्डातून मिळतो. आजकाल सगळीकडे असणाऱ्या एईएस या सायफरचं मात्र विचारू नका. १२८ बिटांच्या एईएसची किल्ली सेकंदाला एक लाख कोटींच्या वेगाने तपासत बसलात, तर लागणारी वर्षं एकावर एकोणीस शून्यांच्या घरात जातात. म्हणजे इथून पुढे कार्ड सायफरशी लढत नाही. ते लढतं माणसाने ठेवलेल्या पासवर्डशी.

आणि ऑफिस २०१३ पासूनच्या एक्सेलने ती लढाईही महाग केली आहे. प्रत्येक पासवर्ड एसएचए-५१२ या गणितातून एक लाख वेळा फिरवला जातो आणि मगच खरा की खोटा ते कळतं. समजा कार्ड सेकंदाला दहा हजार पासवर्ड तपासतं आहे. पासवर्ड नुसता सहा आकडी असेल तर शंभर सेकंदांत सगळे संपतात. तोच इंग्रजी लहान लिपीतला कुठलाही आठ अक्षरी शब्द असेल, तर सगळे तपासायला आठ महिने. सेव्हन-झिप तर त्याच्याही वर, पाच लाखांहून जास्त फेऱ्या मारतं. म्हणून नव्या फाइलीच्या बाबतीत माझं अर्धं काम कार्डावर नसतं, समोरच्या खुर्चीवर असतं.

याचं एक उदाहरण सांगते. गिऱ्हाइकाची परवानगी आहे, नाव मात्र नाही. सूत व्यापाऱ्यांचा नातू पेन ड्राइव्ह घेऊन आला.

“ताई, ह्यात सगळी येणी हायत बघा. दिवाणजीकाका गेले, आन् पासवर्ड कुणालाच म्हाईत न्हाई.”

“काकांचं आवडतं दैवत कोणतं?”

“जोतिबा! चैत्राची यात्रा कधी चुकवली न्हाई त्यांनी. पण ते घालून बघितलं आम्ही. होत न्हाई.”

“घरची गाडी?”

“लूना होती. नंबर अण्णांना इचारतो.”

ड्राइव्हवर दोन फाइली होत्या. एक २००४ ची जुनी, एक २०१६ ची नवी. काम नवीचं होतं, जुनीची कोणाला गरजही नव्हती. मी सुरुवात जुनीपासून केली. कोलायडरने किल्ली काढली, फाइल उघडली. पण मला आतला हिशेब नको होता, काकांची सवय हवी होती. किल्ली हातात आल्यावर हॅशकॅटला सांगता येतं की आता या किल्लीशी जुळणारा पासवर्ड शोध, आणि ते फार वेगाने होतं. मी माझी स्वतःची शब्दांची यादी लावली आणि पासवर्ड सापडला: दैवताचं नाव, पण ‘जे’नंतर ‘वाय’ घालून लिहिलेलं, आणि पुढे लूनाचे शेवटचे चार आकडे. नातवाने ‘वाय’शिवायचं स्पेलिंग घालून बघितलं होतं. नव्या फाइलीला मग त्याच साच्यातले प्रकार दिले: पहिलं अक्षर मोठं किंवा लहान, मधे एखादं चिन्ह, शेवटी चार आकडे. इतकी छोटी यादी लाख फेऱ्यांच्या कुलपालाही सहज पुरते. दुपारचं जेवण होईपर्यंत खिडकीत ‘क्रॅक्ड’ आलं. नातवाने आधी फोन काढला आणि अण्णांना सांगितलं, “सापडलं. वसुली चालू करा.”

ही स्वतःची यादी म्हणजे या सगळ्या उद्योगातली माझी खरी गुंतवणूक. जगभर ‘रॉकयू’ नावाची यादी वापरतात. २००९ मध्ये त्याच नावाच्या कंपनीचा डेटा फुटला, त्यातले १ कोटी ४३ लाख पासवर्ड. यादी उत्तम आहे, पण आपल्या माणसांची नावं, दैवतं, गावं तिच्यात नीट भेटत नाहीत. आपल्याकडे ज्ञानेश्वर इंग्रजीत किमान चार तऱ्हेने लिहितात. लक्ष्मी ‘एक्स’ने लिहितात, ‘केएसएच’ने लिहितात. मी नावं, देव, गावं, पिकं, सुताचे काउंट, पतसंस्थांची नावं, सगळं स्पेलिंगच्या तऱ्हांसकट भरत गेले. त्यावर हॅशकॅटचे ‘रूल’ चालवायचे, म्हणजे पहिलं अक्षर मोठं कर, शेवटी वर्ष लाव, ‘ए’च्या जागी ‘अॅट’चं चिन्ह घाल. शिवाय ‘मास्क’ आहेच: इथे अक्षर, इथे आकडा, असा साचा. गाडीच्या नंबराला तर मास्क बेतून शिवल्यासारखा बसतो, कारण पासिंग कुठलं ते गिऱ्हाईक सांगतं, चार आकडे फक्त शोधायचे.

आता कुरकुर. हॅशकॅट नवख्याला रडवतं. फाइल थेट त्याला देता येत नाही, आधी जॉन द रिपर या दुसऱ्या पासवर्ड शोधणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या छोट्या स्क्रिप्टने तिच्यातून हॅश, म्हणजे पासवर्ड पडताळायचा अक्षर-आकड्यांचा ठसा, काढावा लागतो. त्या स्क्रिप्टा हॅशच्या आधी फाइलचं नाव आणि अपूर्णविराम चिकटवतात. ते तसंच दिलं की हॅशकॅट ‘टोकन लेंग्थ एक्सेप्शन’ म्हणतं आणि गप्प बसतं. काय चुकलं ते सांगत नाही. नाव पुसलं की चालतं. याहून छळवादी प्रकार पॉवरशेलचा. विंडोजमधल्या जुन्या पॉवरशेलमधून हॅश फाइलीत वळवलात, तर ती फाइल यूटीएफ-१६ या वेगळ्या एन्कोडिंगमध्ये साठवली जाते. डोळ्यांना ओळ अगदी बरोबर दिसते, हॅशकॅटला मात्र ती दिसतच नाही. नोटपॅडमध्ये उघडून साध्या एन्कोडिंगमध्ये परत सेव्ह करा. हे मराठीत कुठेच लिहिलेलं मिळालं नाही म्हणून इथे टाकते.

जोर किती लावायचा त्याच्या चार पायऱ्या आहेत. चौथी लावली की माउससुद्धा हलत नाही. माझं बिलिंग त्याच मशीनवर, त्यामुळे दिवसा दुसरी पायरी आणि शटर ओढल्यावर चौथी. वीज गेली तर सेशन परत तिथूनच सुरू होतं, आमच्याकडे ही सोय नसती तर या उद्योगाला अर्थच नव्हता. सगळा साचा तपासून हाती काही लागलं नाही, तर शेवटी ‘एक्झॉस्टेड’ असा शब्द येतो. तो आला की गिऱ्हाइकाला फोन. माझा हिशेब सोपा आहे: फाइल उघडली तर पैसे, नाहीतर फक्त विजेचे.

काय घेत नाही तेही सांगते. फोन नाही, दुसऱ्याचं वाय-फाय नाही, बायकोचं किंवा नवऱ्याचं खातं तर नाहीच. मालकीचा कागद आणि सही लागते. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या माहितीत शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली येतं, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘ताई, फक्त बघायचंय’ म्हणणारे जास्तच. साध्या झिपचं जुनं कुलूप असेल आणि आतल्या एखाद्या फाइलची मूळ प्रत हाताशी असेल, तर कार्डाशिवायही ते सुटतं. बिहॅम आणि कोचर यांनी १९९४ मध्येच ती पद्धत दाखवली होती. मी तेही घेते, पण त्याचे पैसे कमी. आणि पासवर्ड जनरेटरने बनवलेला सोळा अक्षरी पासवर्ड असेल, तर मी पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावतही नाही. एक बाई लग्नाच्या फोटोंची सेव्हन-झिप घेऊन आल्या होत्या, पासवर्ड असाच बनवलेला. त्यांना मी फोटोग्राफरकडे पाठवलं. त्याच्या हार्ड डिस्कवर फोटो होते.

तुमची फाइल ऑनलाइन उघडून देतो म्हणणाऱ्या साइट आहेत. हिशेबाची वही अनोळखी सर्व्हरवर चढवायची, यापेक्षा ती बंद राहिलेली परवडली.

कार्ड आल्यावर मी स्वतःच्या दुकानाच्या वाय-फायवर एक प्रयोग केला, तो प्रत्येकाने वाचावा. आपल्याकडे राउटर बसवणारा पासवर्ड म्हणून सर्रास मालकाचा मोबाइल नंबर ठेवतो. माझ्याकडेही तोच होता. भारतातले मोबाइल नंबर सहा ते नऊने सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. वाय-फायच्या डब्ल्यूपीए२ या कुलपासाठी थोरलं ४०९० सेकंदाला २५ लाखांच्या वर प्रयत्न करतं: सगळे नंबर अर्ध्या तासाच्या आत. माझ्या ३०६० ला एक दुपार पुरली. ई-आधारच्या पीडीएफचं तर कार्डापर्यंत जायचंच कारण नाही. नावाची पहिली चार अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मवर्ष, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नाव माहीत असेल तर शंभरेक वर्षं हातानेच घालून बघता येतात. ती फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवताना पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

कोणी घ्यावं? माझ्यासारखं दुकान असेल, महिन्याला अशी दोन-तीन कामं येत असतील, आणि कार्ड एरवी व्हिडिओ एडिटिंगलाही लागत असेल, तर वापरलेलं ३०६० पुरे. ४०९० ची हौस असेल तर ४५० वॉट आणि ते झेपेल असा मोठा पॉवर सप्लायही धरा. एका फाइलीसाठी कोणी घेऊ नये. त्याऐवजी घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी तासभर बोला, जुन्या डायऱ्या चाळा, आणि जे सुचेल ते कागदावर लिहून माझ्यासारखीकडे न्या. हॅशकॅटची सातवी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली, तिच्यात आर्गॉन२ या मुद्दाम संथ बनवलेल्या पद्धतीचाही समावेश झाला आहे. सहावी वापरत असाल तर नवी टाकण्याआधी कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत करा आणि जुनी पॉटफाइल कॉपी करून ठेवा. आधी सापडलेले सगळे पासवर्ड तिच्यातच असतात.